आयडाचा भाऊ हुजूर पक्षात गेला

हॅसलबर्नच्या टेंटर स्ट्रीटवर निवडणूक आली की लोक आधी आयडा लोमॅक्सच्या खिडकीकडे बघायचे. तिच्या काचेवर मजूर पक्षाचं लाल पोस्टर चढलं की निवडणूक खरी सुरू झाली असं समजायचं. मग ती मतदार यादी काखोटीला मारून बाहेर पडायची. रस्त्याच्या या अंगाला चाळीस घरं, त्या अंगाला चाळीस, एकमेकांना खेटून उभी, गिरणीच्या धुराने काळी पडलेली. कुठल्या घरात कोण आजारी आहे, कुणाच्या नवऱ्याची दुसरी पाळी आहे, कोण चहा घेतल्याशिवाय मत द्यायला निघत नाही, हे तिला यादी न उघडता ठाऊक असे. तिची थाप दारावर पडली की आतून आवाज यायचा, “उठ रे, आमची आयडा आली, बूट चढव.” ‘आमची आयडा’ हेच तिचं सगळ्या रस्त्यातलं नाव होतं.

आयडा विणकर. चौदाव्या वर्षी ब्रुक मिलमध्ये लागली आणि चार साचे, म्हणजे कापडाचे माग, सांभाळता सांभाळता पन्नाशी ओलांडून गेली. साचेखात्यात इतका गोंगाट की शेजारणीने कानात ओरडलं तरी ऐकू येऊ नये. तिथल्या बायका आवाज न काढता, ओठ मोठे हलवून बोलत आणि एकमेकींचे ओठ वाचत. ही सवय गिरणीबाहेरही सुटत नसे. रस्त्यापलीकडे दोघीजणी काय कुजबुजताहेत ते आयडाला आपल्या उंबऱ्यातून कळे, म्हणून तिच्या देखत कुणाची निंदा करायची झाली तर लोक तोंडावर हात धरून करत.

तिने लग्न केलं नाही. मिलमधल्या एका जॉबरने, साच्यांवरच्या मुकादमाने, तिला दोनदा विचारलं होतं. पण त्याच्या आईला सून हवी होती, सुनेचा धाकटा भाऊ नको होता. आणि सिरिलला सोडायचं आयडाच्या मनातही आलं नाही. आई गेली तेव्हा आयडा सतरा वर्षांची आणि सिरिल चार वर्षांचा होता. त्याचे गुडघे धुणं, मोजे रफू करणं, शाळेतली मारामारी मिटवणं, सगळं तिच्याच वाट्याला आलं. शाळेतल्या बाई एकदा त्याला म्हणाल्या, “उद्या आईला घेऊन ये.” दुसऱ्या दिवशी तो आयडाला घेऊन गेला.

बत्तीस सालच्या मंदीत त्यांचा बाप जोनस कामाला होता ती गिरणी बंद पडली. तो बेकारभत्त्यावर आला. भत्ता चालू ठेवायचा की नाही हे ठरवायला सरकारी माणूस घरोघर फिरत असे, आणि तो एका मंगळवारी दुपारी लोमॅक्सांकडे आला. टोपी न काढता आत शिरला. पावाच्या मडक्यावरचं झाकण उचलून आत बघितलं. आईचं शिवणयंत्र कुणाचं, कुणी वापरतं का, विकून काय येईल, असं विचारलं. जिना चढून वरच्या खोलीतल्या गाद्याही चाचपून आला. मग कागदावर काहीतरी लिहीत जोनसला म्हणाला, “मुलगी कमावते ना? मग अडचण काय आहे?”

जोनसचा भत्ता बंद झाला. तीस वर्षं साच्यांवर उभा राहिलेला माणूस मुलीच्या मजुरीवर जेवू लागला. त्या दिवसानंतर तो दुसरा पाव आपल्या हाताने घेत नसे. आयडाने ताटात ठेवला तर खात असे. चार वर्षांनी तो गेला. छातीचं दुखणं होतं असं डॉक्टर म्हणाले. आयडाला ते कधी पटलं नाही.

बाप गेला त्याच महिन्यात आयडा सहकारी भांडाराच्या वरच्या खोलीत भरणाऱ्या मजूर पक्षाच्या प्रभाग बैठकीला गेली. खोलीत ती एकटीच बाई होती. “काय काम आहे?” असं कुणीतरी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “तुमचं जे असेल ते द्या.” त्यांनी तिला पत्रकं वाटायला दिली. पस्तीस वर्षं ती वाटत राहिली, आणि मध्ये कधीतरी प्रभागाची चिटणीसही झाली.

सिरिलला तिने गिरणीत जाऊ दिलं नाही. सुतारकाम शिकायला घातलं. हाताला गुण होता. लढाईवरून परत आल्यावर त्याने स्वतःचा लहानसा कारखाना काढला, दारं-खिडक्या करू लागला, आणि पुढे डोरीनशी लग्न करून चढावरच्या प्रॉस्पेक्ट रोडवर स्वतःचं घर घेतलं. टेंटर स्ट्रीटवर सगळी घरं भाड्याची. आपल्यातल्या कुणीतरी घर विकत घेतलं याचा लोकांना अभिमानच वाटला. सिरिल फुशारक्या मारणारा नव्हता. कुणाचं दार फुगून अडकलं तर रंधा घेऊन यायचा आणि पैसे घ्यायचा नाही. रविवारी दुपारी चहाला आयडाकडे यायचा. राजकारणावर दोघांचं बोलणं होत नसे. तो मत कुणाला देतो हे आयडाने कधी विचारलं नाही, कारण ते विचारायचं असतं असं तिला वाटलंच नव्हतं.

सदुसष्ट सालच्या फेब्रुवारीत नगरपालिकेच्या आरोग्य खात्याचा एक तरुण निरीक्षक टेंटर स्ट्रीटवर आला. अदबीने वागणारा पोरगा होता, टोपी हातात धरून, “आत येऊ का, मिस लोमॅक्स?” असं विचारून आत आला. भिंतीत दोन सुया खुपसून ओल मोजली. मागच्या अंगणातला संडास बघितला. फडताळ उघडून बघितलं तेव्हा मात्र आयडा त्याच्या आणि फडताळाच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

“त्यात काय शोधतोयस बाळा?”

“उंदीर, मिस लोमॅक्स. म्हणजे उंदरांच्या खुणा.”

“माझ्या फडताळात?”

तो लाजला आणि पुढे काही न उघडता निघून गेला. तीन आठवड्यांनी नोटीस आली. ऐंशीच्या ऐंशी घरं ‘राहण्यास अयोग्य’ ठरली होती. ती पाडायची आणि लोकांना कालव्याकाठच्या नव्या उंच इमारतींत हलवायचं, असं ठरलं होतं. ठरवणारी नगरपालिका मजूर पक्षाची होती. त्या सभागृहात बसलेल्या निम्म्या माणसांसाठी आयडाने स्वतः दारं ठोठावली होती.

प्रभागाच्या बैठकीत ती उभी राहिली. म्हणाली, “घरं दुरुस्त करता येतील. लोकांना विचारा तरी.”

अध्यक्ष हॅरॉप म्हातारे गृहस्थ होते, रेल्वेत जन्म घालवलेले. ते शांतपणे म्हणाले, “आयडा, तुझ्याकडे अंघोळीला काय आहे?”

“सगळ्यांकडे आहे तेच. खिळ्याला टांगलेलं पत्र्याचं घंगाळं.”

“आणि नव्या घरात न्हाणीघर आहे. नळाला गरम पाणी. आपण याच्यासाठीच भांडलो ना गं इतकी वर्षं?”

हॅरॉप म्हणत होते ते खरंच होतं. जानेवारीच्या थंडीत अंगणातल्या संडासात जाताना तिने स्वतः कितीदा शिव्या दिल्या होत्या. पण रस्ताच्या रस्ता उचलून कुठेतरी टाकायचा, आणि तेही विचारल्याशिवाय, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. मत घेतलं तेव्हा तिच्या बाजूने तीन हात वर झाले. घरं पाडायला पाठिंबा देणारा ठराव मंजूर झाला. आयडाने चिटणीस म्हणून तो आपल्याच अक्षरात वहीत लिहिला.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सिरिल चहाला आला तो कोट न काढताच बसला. आयडाने पावाला लोणी लावून समोर ठेवलं, आल्याचा केक कापला. त्याने कशालाच हात लावला नाही.

“आयडा, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी सांगतो. मेमध्ये मी नगरपालिकेला उभा राहतोय. याच प्रभागातून.”

“बरं झालं की. हॅरॉप माणूस शोधतच आहेत.”

“हॅरॉपकडून नाही.”

चहा गरम राहावा म्हणून आयडा किटलीवर लोकरीचं टोपडं घालत होती. तिचा हात तिथेच राहिला.

“हुजूर पक्षाकडून?”

“हो.”

तिने टोपडं नीट बसवलं. मग आयडा म्हणाली, “बाबा असते तर काय म्हणाले असते, याचा विचार केलास?”

“केला. रोज करतो. तुला वाटतं तो माणूस फक्त तुलाच आठवतो?”

“कोण माणूस?”

“तो टोपीवाला. मी टेबलाखाली होतो आयडा. मला त्याचे फक्त बूट दिसत होते. असे चकचकीत की त्यात आपल्या खुर्चीचा पाय दिसत होता. मी तेव्हाच ठरवलं, माझं एक घर असेल आणि माझ्या मर्जीशिवाय तिथे कुणाचेही बूट आत येणार नाहीत. मी राबलो ते त्याच्यासाठी. आता परत तेच चाललंय. माणूस येतो, फडताळ उघडतो, लिहून घेतो. या वेळी पाठवला कुणी? तुझ्या लोकांनी.”

“माझ्या लोकांनी,” आयडा म्हणाली. “आणि तू कुणाचा?”

“मी टेंटर स्ट्रीटचा. म्हणून तर उभा राहतोय.”

“सिरिल, त्या टोपीवाल्याला तेव्हा कुणी पाठवलं होतं ते तुला ठाऊक आहे. ज्यांच्या घरी असे लोक कधीच जात नाहीत, त्यांनी. मीही त्या दिवशी ठरवलं होतं. फक्त माझ्या घरात नाही, कुणाच्याच घरात असा माणूस येता कामा नये. एकट्याने दार लावून घेऊन ते होत नाही रे.”

“पण आला ना? तुमच्याच राज्यात आला.”

आयडाने केकची ताटली त्याच्यापुढे सरकवली. “खा,” ती म्हणाली. “पोटावर राग काढू नकोस.”

त्याने एक तुकडा घेतला आणि दारापर्यंत गेल्यावर वळून म्हणाला, “तू माझ्याविरुद्ध फिरशील?”

“फिरेन.”

“मला वाटलंच होतं,” तो म्हणाला. त्याला राग आलेला दिसला नाही. थकल्यासारखा दिसला.

मजूर पक्षाने उमेदवार दिला तो ज्युलियन प्रेवेट नावाचा. नव्या तंत्रविद्यालयात शिकवायला दक्षिणेकडून आलेला, तिशीचा, दाढी राखलेला. मनाने वाईट नव्हता. पण ‘श्रमिक वर्ग’ हे शब्द तो असे उच्चारायचा की जणू तो वर्ग दुसऱ्या खोलीत बसलाय. पहिल्या दिवशी आयडाने त्याला शेगडीवर ठेवलेले काळे वाटाणे व्हिनेगर घालून वाढले, तेव्हा त्याने ते सगळे संपवले आणि आभार मानले. ती मनात म्हणाली, चला, जेवायला तरी येतं.

उमेदवारीनंतरच्या पहिल्या बैठकीत प्रेवेट खोलीच्या दुसऱ्या टोकाला हॅरॉपशी हळू आवाजात बोलत होता. आयडा यादीची पानं वेगळी करत होती. सहज मान वर केली तर त्याचे ओठ तिला स्वच्छ दिसले. ‘तिचा सख्खा भाऊ समोर उभा आहे. मतदार यादी तिच्याकडे ठेवणं शहाणपणाचं आहे का?’

आयडाने पानं खाली ठेवली.

“मिस्टर प्रेवेट,” ती तिथूनच म्हणाली, “यादी हवी असेल तर घेऊन जा. पण मग एकोणीस नंबरच्या मिसेस पिकपला ऐकू येत नाही, मागच्या दाराने जावं लागतं, हेही लिहून घ्या. आणि सत्तावन्न नंबरला कुत्रा आहे.”

खोलीत हसू फुटलं. प्रेवेटचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्याने हॅरॉपकडे पाहिलं. हॅरॉपनी स्वतःच्या ओठांकडे बोट दाखवून ‘साचेखातं’ एवढंच म्हटलं. प्रेवेट उठून आयडापाशी आला.

“माफ करा, मिस लोमॅक्स. मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून बोललो.”

“नाही ओळखत तुम्ही,” आयडा म्हणाली. “बसा. कोण कुठे राहतं ते सांगते.”

तिने त्याला बरोबर घेऊन रस्ता सुरू केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला टेंटर स्ट्रीटवर दारं अर्धवट उघडी मिळाली. लोक हसून बोलायचे, पायाकडे बघायचे. “बघू,” म्हणायचे. आयडाला ‘बघू’चा अर्थ ठाऊक होता, इतकी वर्षं हुजूर पक्षाच्या माणसांना या रस्त्यावर तोच शब्द मिळत आला होता.

समोरच्या मार्था होलरॉइडने मात्र दार पूर्ण उघडलं. मार्था आणि ती एकाच दिवशी ब्रुक मिलमध्ये लागल्या होत्या. मार्थाने प्रेवेटला दाराबाहेर ठेवलं आणि आयडाला आत घेतलं.

“मी तुला खोटं सांगणार नाही,” मार्था म्हणाली. “मी आमच्या सिरिलला देणार आहे. जन्मात पहिल्यांदा हुजूरांच्या निळ्यावर फुली मारणार.”

“आमच्या सिरिलला,” आयडा म्हणाली.

“मग? तुझा तो आमचाही. तुझी गिरणीतली पाळी असायची तेव्हा माझ्याच मांडीवर झोपायचा. आयडा, तूच वाढवलेला पोरगा. तुझ्यावर विश्वास आहे म्हणून तर त्याच्यावर आहे. की तो माणूस वाईट आहे? तसं सांग, मी नाही देत.”

आयडाला खोटं बोलता आलं असतं. एवढंच वाक्य हवं होतं, आणि मार्थाने ते रस्ताभर पोचवलं असतं.

“नाही,” ती म्हणाली. “चांगला आहे. माझ्याहून चांगला असेल. पण मार्था, तो तिथे एकटा बसणार नाही. तिथे गेला की त्याला हात वर करावा लागेल, तो कुणाबरोबर करणार? मिलच्या मालकाच्या जावयाबरोबर. घरभाडं वाढवायचं ठरेल तेव्हाही त्यांच्याबरोबरच.”

“आणि माझं घर पाडायचं ठरलं तेव्हा तुझ्या लोकांनी हात कुणाबरोबर वर केला गं?”

आयडाने हातातली यादी नीट दुमडली.

“तो बाहेरचा पोरगा,” मार्था हळूच म्हणाली, “त्याला विचार, त्याचं घर कुणी पाडतंय का. तो आपला आणि सिरिल परका, असं कसं?”

आयडा बाहेर आली तेव्हा प्रेवेट भिंतीला टेकून उभा होता. दार नीट लागलं नव्हतं. त्याने सगळं ऐकलं होतं.

“त्या बरोबर बोलतात,” तो म्हणाला. “मी त्यांच्या जागी असतो तर मीही मला मत दिलं नसतं.”

“असं दारात उभं राहून बोलू नका,” आयडा म्हणाली. पण त्या दिवसापासून तिला तो पोरगा आवडू लागला.

मतदानाच्या दिवशी ती सकाळी आठपासून शाळेच्या दाराशी लाल फीत लावून बसली. ज्यांना आणायचं त्यांना आणलं. मिसेस पिकपला मागच्या दाराने जाऊन उठवलं. त्या दिवशी तिने दारात आणून सोडलेल्यांपैकी निम्म्यांनी आत जाऊन निळ्यावर फुली मारली, हे तिला त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. आत जाताना तिच्याकडे बघून बोलणारे बाहेर येताना पायऱ्यांवरूनच वळत होते. कामात कसूर करायची नाही एवढं तिने ठरवलं होतं. कुणाला आणायचं आणि कुणाला नाही, अशी निवड तिने केली नाही.

पाच वाजता ती स्वतः मत द्यायला गेली. आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल होती. चिठ्ठीवर दोनच नावं. वर छापलं होतं ‘लोमॅक्स, सिरिल’. खाली ‘प्रेवेट, ज्युलियन’.

आयडाने इतक्या निवडणुकांत कितीतरी नावं वाचली होती. वकील, डॉक्टर, मालकांचे मुलगे, रेल्वेचे कामगार. आपलं आडनाव तिने त्या कागदावर कधी पाहिलं नव्हतं. जोनस लोमॅक्सचं नाव छापून आलं ते फक्त मेल्यावर, वर्तमानपत्रात, बारीक अक्षरात. ती ते नाव बघत उभी राहिली. पलीकडच्या आडोशातलं माणूस गेलं, दुसरं आलं. टेबलामागच्या बाईने मान उंचावून विचारलं, “सगळं ठीक आहे ना, आयडा?”

“हो हो,” ती म्हणाली. पेन्सिल उचलली आणि खालच्या नावासमोर फुली मारली. चिठ्ठी दुमडताना तिला अभिमान वाटला नाही की वाईटही वाटलं नाही. एखादं जड गाठोडं ठरलेल्या ठिकाणी नेऊन ठेवावं, तसं झालं.

सकाळी दूधवाल्याने बाटल्या ठेवता ठेवता बातमी दिली. “निवडून आला गं तुझा भाऊ. साडेतीनशे मतांनी.” मग थोडं थांबून म्हणाला, “तुला अभिनंदन म्हणायचं की नाही ते कळेना.”

“दोन बाटल्या ठेव,” आयडा म्हणाली. “तो येईल चहाला.”

तो आला. त्या संध्याकाळी आला, आणि पुढच्या रविवारीही. तिने मत कुणाला दिलं हे त्याने विचारलं नाही. तिनेच सांगितलं.

“तुझ्या नावासमोर नाही मारली मी फुली.”

“ठाऊक आहे.”

“कसं?”

“मारली असतीस तर तू आजारी पडली असतीस,” सिरिल म्हणाला, आणि दोघं हसले.

सिरिल सभागृहात टेंटर स्ट्रीटसाठी भांडला. मनापासून भांडला, दर आठवड्याला कुणाचं ना कुणाचं दार वाजवून सांगायचा, काय झालं, काय अडलं. पण मंजुरी लंडनहून येऊन बसली होती आणि कंत्राटावर सह्या झाल्या होत्या. गावात आता हुजूर पक्षाचं बहुमत होतं, आणि कंत्राट मोडून भुर्दंड सोसायची त्यांची तयारी नव्हती. सिरिलने घरं वाचवण्याचा ठराव मांडला तेव्हा त्याच्या बाजूने हात वर झाले ते सहा. त्यांतले चार मजूर पक्षाचे होते. त्या रविवारी तो आयडाकडे येऊन बसला आणि टेबलावर कोपरं टेकून म्हणाला, “तू मार्थाला म्हणाली होतीस ना, हात कुणाबरोबर वर करणार म्हणून?”

“म्हणाले होते.”

“मला वाटलं होतं, माणसाने आपलं बोलणं नीट मांडलं की ऐकतात.”

आयडाला त्याला टोचता आलं असतं. पण तिला वहीतला स्वतःच्या अक्षरातला ठराव आठवला. “मलाही तसंच वाटलं होतं,” ती म्हणाली. “आमच्या खोलीत माझ्या बाजूने तीनच होते. तुला सहा मिळाले.”

सत्तर सालच्या उन्हाळ्यात टेंटर स्ट्रीट पडला. सिरिलने आपली गाडी आणून म्हाताऱ्यांचं सामान स्वतः उचललं. काही जणांनी त्याला तोंडावर सुनावलं. मार्था होलरॉइड नव्या इमारतीत जायच्या आधीच मुलीकडे निघून गेली, आणि जाताना सिरिलचा गालगुच्चा घेऊन म्हणाली, “तू प्रयत्न केलास रे बाळा,” तेव्हा तो गाडीमागे जाऊन बराच वेळ दोऱ्या आवळत बसला. पुढच्याच वर्षी तो निवडणूक हरला. त्याला हरवणारा प्रेवेट होता. या वेळी प्रेवेट एकटा दारं ठोठावत फिरला, कारण लोक कुठल्या मजल्यावर गेले हे आता आयडालाही पाठ नव्हतं.

आयडाला सातव्या मजल्यावर घर मिळालं. पहिल्या आठवड्यात ती रोज अंघोळीला बसली, पाणी गार होईपर्यंत उठली नाही. हॅरॉपना ती म्हणाली, “तुमचं खरं होतं.” मग म्हणाली, “पण शेजारी कोण राहतं ते मला दीड महिना कळलं नाही.” लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद पडायची. ब्रुक मिल बंद झाली. तिचा उजवा खुबा कामातून गेला, काठी आली. चौऱ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत अचानक निवडणूक लागली, तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती आणि काठीशिवाय तिला खोलीही ओलांडता येत नव्हती.

पक्षाची गाडी दोनला येणार होती. तिने आपल्या मजल्यावरच्या आणखी चौघींना तयार करून ठेवलं होतं; सगळ्या सत्तरीच्या पुढच्या, सगळ्या जुन्या गिरणीवाल्या. तीन वाजले. साडेतीन वाजले. लिफ्ट सुरू होती हे नशीब. पाचही जणी कोट-टोप्या चढवून खाली दारात उभ्या होत्या, आणि गाडीचा पत्ता नव्हता.

चार वाजता सिरिलची सुतारकामाची गाडी येऊन थांबली. मागच्या काचेवर हुजूर पक्षाचा निळा कागद चिकटवलेला होता. तो आता उमेदवार नव्हता, पण दिवसभर त्यांच्या माणसांची ने-आण करत होता.

“मी नुसती चौकशी करायला आलो,” तो म्हणाला. “तू गेलीस की नाही बघायला.”

“गाडी आली नाही.”

त्याने पाचही जणींकडे बघितलं. “या सगळ्या लालवाल्या?”

“सगळ्या,” त्यातली सर्वांत म्हातारी बाई ठामपणे म्हणाली. “आणि त्या कागदाच्या गाडीत मी बसणार नाही.”

सिरिल मागे गेला. नखाने कागदाचं एक टोक उचकटून बघितलं. तो नीट चिकटला होता, निघेना. मग त्याने गाडीतलं एक जुनं पोतं घेतलं आणि काचेवरून खाली सोडलं.

“आता चालेल?”

“आता चालेल,” ती म्हणाली.

फळ्यांचे तुकडे बाजूला सारून त्याने बाकडं मोकळं केलं, एकेकीला हात देऊन वर चढवलं. आयडाला पुढे आपल्याशेजारी बसवलं आणि तिची काठी दोघांच्या मध्ये उभी केली.

“पाच मतं,” गाडी वळवताना तो म्हणाला. “माझ्या पेट्रोलवर. आमच्या कचेरीत कळलं तर मला हाकलून देतील.”

“मग आमच्याकडे ये,” आयडा म्हणाली. “पत्रकं वाटायला माणूस हवाच आहे.”

“गप्प बस गं,” सिरिल म्हणाला.

मागून म्हातारी ओरडली की खड्डे बघून चालव, हाडं खिळखिळी होताहेत. सिरिलने वेग कमी केला. शाळेच्या दाराशी त्याने गाडी पार आतपर्यंत नेली, उतरून सगळ्यांना खाली घेतलं, आणि त्या आत जाईपर्यंत टोपी हातात घेऊन पावसाळी वाऱ्यात उभा राहिला.